पोत्यावर धान्याचे खरे नाव हवे



डाळ खाऊन कुणाचा जीव घाबरा होतो, असे लासूर स्टेशनच्या बाजारात सांगितले तर लोक हसतील. कपाशीत तुरीच्या ओळी आणि ज्वारीच्या जोडीला मूग, उडीद, मटकी पेरणारा हा आपला कोरडवाहू मुलूख. भाकरीबरोबर वरण नाहीतर हुलग्याचे माडगे खाऊनच पिढ्या वाढल्या. तरीही ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. हरभरा हा भारतीय उपखंडात ॲलर्जी आणणारा एक प्रमुख पदार्थ आहे, असे मुंबईच्या संशोधकांनी 2001 मध्ये मांडले. दिल्लीच्या संशोधकांना 2006 मध्ये दम्याच्या रुग्णांत उडदाची ॲलर्जी आढळली.

ॲलर्जी म्हणजे विष नव्हे. लाखेच्या डाळीत विषारी द्रव्य असते. ती महिनोन्‌महिने भरपूर खाल्ली तर कुणाचेही पाय जाऊ शकतात. ॲलर्जीत धान्य निर्दोष असते, पण एखाद्याचे शरीर त्यातल्या प्रथिनाला शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, धाप लागते. शिजवल्याने हा गुण जाईलच असे नाही. काहींना शिजत्या डाळीची वाफही सोसत नाही. भुईमूगही कडधान्यांच्याच कुळातला. म्हणून एक न सोसणाऱ्याला दुसरेही बाधू शकते. श्वास कोंडला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला तडक दवाखान्यात न्यावे.

मग आपल्या पिकाची बदनामी होईल काय? युरोपात काय झाले ते पाहावे. फ्रान्समध्ये 1990 च्या दशकात ल्युपिन नावाच्या शेंगवर्गीय पिकाचे पीठ गव्हाच्या पिठात मिसळू लागले. भुईमूग न सोसणाऱ्या काही जणांना त्याचा त्रास झाला. तेव्हा पिकावर बंदी आली नाही. 2006 मध्ये युरोपीय संघाने ल्युपिनची सूचना वेष्टनावर छापणे सक्तीचे ठरवले, एवढेच. शेतकरी पेरत राहिला, खाणारा सावध झाला.

आपल्याकडे 2020 च्या वेष्टन नियमांत ॲलर्जीच्या सूचनेसाठी शेंगवर्गीयांपैकी भुईमूग आणि सोयाबीन ही दोनच नावे आली. हरभरा, उडीद, वाटाणा त्या यादीत नाहीत. पूर्वी डाळ डाळ म्हणूनच ताटात येई. आता ती पिठात, फरसाणात, प्रथिनांच्या भुकटीत लपून येते. बेसनात वाटाण्याचे पीठ घालण्याची भेसळ तर जुनीच. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने पिवळ्या वाटाण्यावरचे आयात शुल्क उठवले आणि जवळजवळ दोन वर्षे ते माफच ठेवले. स्वस्त वाटाणा बेसनाच्या नावाने विकला गेला की हरभरा पिकवणाऱ्याचा भाव पडतो आणि वाटाणा न सोसणाऱ्या पोराच्या जिवावर बेतते. दोघांचा चोर एकच आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हरभरा, उडीद आणि वाटाणा यांची नावे सूचनेच्या यादीत घाला. बेसनात हरभऱ्याखेरीज दुसरे काही निघाले तर भेसळीचा खटला भरा. आणि सुरुवात आपल्यापासून करू. गावच्या डाळ मिलमधून निघणाऱ्या प्रत्येक पोत्यावर आतल्या धान्याचे खरे नाव लिहू. एका डाळीनंतर दुसरी भरडण्याआधी यंत्र झाडून घेऊ. ज्याचा माल चोख आहे, त्याला नाव लिहायची भीती कसली?