पहिला दगड कोणी मारला?

मित्रांनो, मागच्या महिन्यात आपल्या वस्तीच्या विहारात अभ्यासवर्ग होता. अर्ध्या तासात विषय बाजूला पडला आणि दोन पोरं गाझावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेली. एक म्हणाला, सात ऑक्टोबरला सुरुवात कोणी केली? हमासनं. मग भोगा आता. दुसरा म्हणाला, सुरुवात १९४८ ला झाली, आणि हे ज्यू लोक असलेच. तिसरा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "काका, मरू द्या ना दोघं बी. आपल्या मढ्यावर कोण आलं होतं रडायला?"

मी वयानं मोठा, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गप बसलो. त्याची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

आधी माझा हिशेब देतो. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या वस्तीतली नऊ घरं जाळली. जोंधळ्याच्या कणग्या, पत्र्याच्या पेट्या, बाबासाहेबांची तसबीर, सगळ्याचा कोळसा. तिसऱ्या दिवशी फौजदार आला. जळक्या कुडाजवळ खुर्ची टाकून बसला आणि त्यानं पहिला सवाल केला, "पहिला दगड कोणी मारला?"

खरं सांगतो. पहिला दगड माझ्या चुलतभावानं मारला होता. आदल्या दिवशी पाण्यावरून त्यांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या, ह्यानं दगड भिरकावला. तो शिव्या देणाऱ्यांना लागलाच नाही. पलीकडं ओट्यावर डाळ निवडत बसलेल्या म्हातारीला लागला. तिचा डोळा गेला. तिनं आमचं काही वाकडं केलं नव्हतं.

फौजदाराच्या पंचनाम्यात पहिल्या ओळीत दगड आला. नऊ घरं शेवटी आली, ती पण 'अज्ञात इसमांनी' जाळलेली. आणि आम्ही काय केलं? मी चाळीस वर्षं स्टेजवरून ही गोष्ट सांगतोय. नऊ घरं सांगतो. डोळा सांगत नाही.

पॅलेस्टाइनचं जे भांडण आपण ऐकतो ते बहुतेक ह्या दोन पंचनाम्यांचं भांडण असतं. एकाचा कागद सात ऑक्टोबर २०२३ ला सुरू होतो, दुसऱ्याच्या कागदात सात ऑक्टोबर नावाचा दिवसच नसतो. कुठल्या तारखेपासून मोजायचं हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात न्याय. म्हणून मी सगळ्या तारखा ओट्यावर मांडतो. कोणाला झोंबल्या तर झोंबू द्या.

दुसऱ्या पोराशी आधी बोलतो. "ज्यू लोक असलेच" म्हणणाऱ्याशी. १५१६ साली व्हेनिस शहरानं ज्यूंना एका बेटावर कोंडलं. रात्री फाटकाला कुलूप. त्या जागेचं नाव घेट्टो. बाबासाहेबांच्या एका हस्तलिखिताचं नाव आहे, 'अस्पृश्य अथवा भारताच्या घेट्टोतील मुले'. आपल्या महारवाड्या-मांगवाड्यांना जगापुढं नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ज्यूंच्या कोंडवाड्याचा शब्द उचलला. गड्या, 'महार असलेच', 'मांग म्हंजे चोरच' हे ऐकत तुझा आजा मेला. जन्मावरून गुन्हा ठरवायचा, ह्यालाच जात म्हणतात. हिटलरनं साठ लाख ज्यू मारले ते त्यांनी काही केलं म्हणून नाही, जन्मले म्हणून. त्याआधी १९३८ साली एव्हियां गावात ३२ देश जमले होते. ह्या लोकांना कोण आसरा देतो, हा सवाल होता. एखादा देश सोडला तर सगळ्यांनी सहानुभूती दिली आणि दार लावून घेतलं.

पण युरोपच्या ह्या पापाचं बिल कोणाच्या दारात गेलं? ज्यानं ते पाप केलं नव्हतं त्याच्या.

१९१७ साली इंग्रज मंत्री बाल्फोर यानं एक पत्र लिहिलं. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर उभारायला आमचा पाठिंबा आहे म्हणाला. जमीन त्याच्या बापाची नव्हती. तिथं दहातले नऊ लोक अरब होते. त्या पत्रात अरब हा शब्दच नाही. 'तिथले ज्यूंखेरीज इतर समाज' एवढाच उल्लेख. ज्याला नाव द्यायचं नाही त्याचा सातबारा पुसायला सोपा जातो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पुढं १९२९ ला हेब्रॉनमध्ये अरब जमावानं ६७ ज्यू कापले. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणारी माणसं होती ती. हेही लिहा. १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी फाळणी ठरवली. ज्यू लोकसंख्या एक तृतीयांश, त्यांच्या राज्याला जमीन निम्म्याहून जास्त. भारतानं त्या फाळणीविरुद्ध मत दिलं. अरबांनी ती नाकारली, आणि १५ मे १९४८ ला अरब देशांच्या फौजा शिरल्या. पहिला पोरगा इथं बोट ठेवतो, बघा, सुरुवात त्यांनी केली! थांब बाबा. त्याच्या महिनाभर आधी, ९ एप्रिलला, देर यासीन गावात ज्यू सशस्त्र टोळ्यांनी बायका-पोरांसकट शंभरच्या वर माणसं मारली होती. आणि त्यानंतर चारच दिवसांनी अरबांनी हदासा दवाखान्याकडं जाणारा ताफा अडवून डॉक्टर-नर्सेससकट सत्तरच्या वर माणसं मारली. बघ, प्रत्येक दगडाच्या आधी एक दगड सापडतो. पहिला दगड शोधत गेलास तर हातात काहीच येणार नाही.

मग काय बघायचं? शेवटी कोणाचं घर राहिलं आणि कोणाचं गेलं ते बघ. १९४८ ला सात लाखांवर पॅलेस्टिनी घराबाहेर पडले, आणि त्यांना परत येऊ दिलं नाही. जुलैत लिद्दा आणि रामले ह्या दोन गावांतून पन्नास हजारांवर माणसं उन्हात चालत हाकलली. त्या हुकुमावर सही होती यित्झाक राबिनची. इस्रायल वर्षानुवर्षं सांगत राहिलं की अरब पुढाऱ्यांनी सांगितलं म्हणून लोक गेले. राबिननं १९७९ च्या आत्मचरित्रात खरं लिहिलं, तर सरकारी सेन्सॉरनं तो मजकूर कापला. पुढं १९८८ मध्ये बेनी मॉरिस ह्या इस्रायली इतिहासकारानं इस्रायलच्याच दप्तरातून दाखवलं की पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून गेले ही सरसकट कहाणी टिकत नाही. लोक गेले ते हल्ल्यांनी, भीतीनं आणि हाकलल्यामुळं.

आता नीट ऐका. ते लिद्दा म्हंजे आजचं लोद. त्या लोदमध्ये, रामल्यामध्ये आज मराठी बोलणारी घरं आहेत. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, शनवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. अलिबाग-पेणकडची माणसं. आपल्या गावांनी त्यांना कधी हाकललं नव्हतं. हक्काचा देश मिळाला म्हणून गेली. तिथं काय झालं? १९६० नंतर तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढलं. लग्न लावायचं तर ह्यांची आई, आईची आई, मागं जाता येईल तितकं तपासा. ज्यू रक्त शुद्ध आहे का बघा. जातीचा दाखला, दुसरं काय! आमच्या मराठी ज्यूंनी संप केला, धरणं धरलं, तेव्हा ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं हे पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं. आणि अजून एक. ह्याच बेने इस्रायलींमध्ये कोकणात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. गोरे काळ्यांशी सोयरीक करत नव्हते.

१९७१ साली जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीत मोरोक्को वगैरे देशांतून आलेल्या ज्यूंच्या पोरांनी 'ब्लॅक पँथर' काढली. आपल्या दलित पँथरच्या एक वर्ष आधी. नाव दोघांनी एकाच ठिकाणाहून घेतलं, अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून. युरोपी ज्यूंनी ह्यांना झोपडपट्ट्यांत आणि हलक्या कामांत ठेवलं होतं. पंतप्रधान गोल्डा मेयर भेटल्यावर म्हणाल्या, ही काही चांगली पोरं नाहीत. आपल्याला पण हेच म्हणायचे सगळे. पण मुसराऱ्यातली ती पडकी घरं १९४८ आधी कोणाची होती? अरबांची. तुडवलेला माणूस दुसऱ्या तुडवलेल्याच्या घरात आणून बसवला, आणि बसवणारा चांगल्या वस्तीत राहायला गेला.

सोसलं म्हणून कोणी शुद्ध होत नाही, मित्रांनो. ज्यू झाले नाहीत, पॅलेस्टिनी झाले नाहीत. आपण पण नाही झालो. माझ्या चुलतभावाला विचारा.

म्हणून सात ऑक्टोबर मी माझ्या कागदात लिहिणार. हमासनं आणि त्याच्याबरोबरच्यांनी त्या दिवशी सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास पळवून नेली. त्यात विव्हियन सिल्व्हर होती, ७४ वर्षांची. गाझातल्या आजाऱ्यांना गाडीत घालून इस्रायलच्या दवाखान्यात पोचवणारी बाई. हा मुक्तीचा लढा नव्हे. ओट्यावरच्या म्हातारीचा डोळा आहे तो, हजारपट.

आणि त्याच कागदात गाझा लिहिणार. ३६५ चौरस किलोमीटरची पट्टी, वीस लाखांवर माणसं. दहातले जवळपास सात जण १९४८ ला हाकललेल्यांची लेकरं-नातवंडं. २००७ पासून नाकाबंदी. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी झाली तोवर गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीत मेलेले ६७ हजारांवर गेले होते. जानेवारी २०२४ मध्ये पाच-सहा वर्षांची एक पोर मेलेल्या नातलगांमध्ये मोटारीत बसून फोनवर मदत मागत होती. तिला आणायला निघालेली रुग्णवाहिका पण उडवली. बारा दिवसांनी सगळी प्रेतं सापडली. पहिला पोरगा म्हणतो, त्यांनीच हमासला निवडून दिलं. अरे, ती निवडणूक २००६ ची. गाझातली जवळपास निम्मी माणसं अठराच्या आतली आहेत. तेव्हा ती जन्मलीच नव्हती, त्यांनी मत कुठून द्यावं? त्यांचा गुन्हा जन्माचाच. म्हंजे पुन्हा जातच.

पांढरपेशा संपादक ह्यावर चष्मा पुसत म्हणतो, प्रश्न गुंतागुंतीचा आहे, चूक दोन्ही बाजूंची आहे. खैरलांजीनंतर पण असंच काहीतरी म्हणत होते हे. चूक दोन्ही बाजूंची असेल, पण विमानं, रणगाडे, पाण्याचा नळ आणि फाटकाची किल्ली एकाच बाजूकडं आहे. डोळा गेला म्हणून नऊ घरं जाळणं बरोबरीत सुटत नाही. आणि नऊ घरं जळाली म्हणून म्हातारीला दिसायला लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२४ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं एकाच दिवशी अटकेची वॉरंटं काढली. इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा सेनापती देइफ. देइफ आधीच मेला होता, हे पुढं हमासनंच कबूल केलं. उरलेल्या दोघांना कोण धरणार ते माहीतच आहे. पण कागदावर 'ज्यू' लिहिलं नाही, 'मुसलमान' लिहिलं नाही. कृत्य लिहिलं आणि ते करणाऱ्याचं नाव लिहिलं. गुन्हा असाच लिहायचा असतो. आम्ही फौजदाराकडं हेच तर मागत होतो!

आता तिसरा पोरगा. आपल्याला काय, म्हणणारा. २००१ साली डर्बनच्या जागतिक परिषदेत आपली माणसं गेली होती. वंशभेदाच्या बरोबरीनं जातीकडं बघा म्हणत होती. दिल्लीचं सरकार म्हणत होतं, हा आमच्या घरातला प्रश्न. तेव्हा जगानं आपल्याकडं बघावं असं तुला वाटतं ना? मग गाझाकडं बघताना तू दिल्लीच्या सरकारासारखा का बोलतोस?

आणि पहिल्या पोरा, तुला खरं टोचतं ते मला कळतं. तिथं मरणारे मुसलमान आहेत, म्हणून तुझ्या मनाला बरं वाटतं. हे तुला कोणी शिकवलं ते शोध. ज्यांनी आपली घरं जाळली त्यांच्याच घरचं शिक्षण आहे ते.

पुढच्या चौदा एप्रिलला मला गावात बोलायला बोलावलंय. नऊ घरं सांगणार. त्या म्हातारीचा डोळा पण सांगणार, आमच्याच स्टेजवरून, चुलतभाऊ समोर बसलेला असताना. पोरांनो, तुम्ही या.

जयभीम.