गाडीची जाळी झाकू नका, साफ करा



ईदनंतर भिवंडीतल्या कितीतरी घरांच्या गाड्या मालेगावकडे निघतात. दोन्ही शहरं यंत्रमागाची, नातीही जुनी. पेट्रोलचे भाव पाहून तेव्हा एक सल्ला हमखास मिळतो: गाडीच्या तोंडावरची जाळी पुठ्ठा किंवा टेप लावून झाका, गाडी हवा कापत जाईल, अ‍ॅव्हरेज वाढेल.

सल्ल्यात तथ्य आहे. जाळीतून शिरलेली हवा रेडिएटर आणि इंजिनावर आदळत खालून बाहेर पडते आणि गाडीला मागे खेचते. पण हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 किलोमीटरला तो 40 च्या चौपट असतो आणि 20 ला 80 च्या फक्त सोळावा हिस्सा. अंजूरफाटा किंवा कल्याण नाक्याच्या कोंडीत रांगणाऱ्या गाडीला जाळी झाकून काय मिळणार? काहीच नाही.

नुकसान मात्र तिथेच होतं. गाडी हळू चालते तेव्हा समोरून वारा येत नाही, एकटा पंखाच हवा ओढतो. जाळी झाकली तर तो तरी कुठून ओढणार? त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्याचीही उष्णता मागे येते. मग कसारा घाट लागतो. वेग कमी, चढ मोठा, गाडीत सहा माणसं आणि सामान. इंजिनावर सर्वांत जास्त ताण इथेच पडतो. इंजिन जास्त तापलं तर हेड वाकतं, गॅस्केट जातं. पेट्रोलचे शे-दोनशे वाचवायला जाऊन हजारोंचं बिल येतं आणि लेकराबाळांसह रस्त्यावर उभं राहावं लागतं.

काही गाड्यांत कंपनीच जाळीमागे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या बसवते. पण तिथे सेन्सर तापमान पाहतो आणि गरज पडताच पट्ट्या उघडतो. पुठ्ठा स्वतःहून उघडत नाही.

आपल्याकडे उलट काळजी हवी. कारखान्याच्या गल्लीत गाडी उभी असेल तर धूळ आणि कापसाचे तंतू जाळीच्या आत अडकतात. म्हणजे निम्मी जाळी आधीच बंद! इंजिन थंड असताना मऊ ब्रश आणि हलक्या पाण्याने ती साफ करा. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरची पातळ पाती वाकतात. कूलंटची पातळीही पाहा.

अ‍ॅव्हरेज हवं असेल तर टायरमध्ये ठरलेली हवा ठेवा, रिकामं कॅरिअर छतावरून काढा, वेग एकसारखा ठेवा.

वाटेत तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद करून गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका.

इस्राफ टाळणं चांगलंच, पण बचत वाटेल तिथे करायची नसते. गाडीत बसलेली माणसं ही आपल्याकडची अमानत आहे. अल्लाह सर्वांचा प्रवास सुखरूप करो. आमीन.