वर्षाला एक डॉलर

मैत्रिणींनो, दूरदेशीच्या बायकांना घरबसल्या काय मदत करता येईल, असं आमच्या मुलुंडच्या मंडळात नेहमी विचारतात. मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८७ साली बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ निघाली. अमेरिकेत गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ झाली. वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं द्यायचा. आपली भिशीच म्हणा ना, फक्त पैसे परत यायचे नाहीत! त्यातूनच ११ मार्च १८८९ ला चौपाटीला शारदा सदन उघडलं. गोदूबाई तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे त्याच आनंदीबाई कर्वे झाल्या.

देणाऱ्या बहुतेक ख्रिस्ती, तरी सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं. पण सदन पुण्याला गेल्यावर १८९३ मध्ये, मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून गहजब झाला, पालकांनी मुली काढून नेल्या. वाद मोठ्यांचा, शिक्षण सुटलं पोरींचं! तेव्हा चर्चची असो की आणखी कुणाची, संस्थेला पैसे किंवा दुपारचे दोन तास देण्याआधी सरळ विचारा: मदत घेणाऱ्या बाईकडून तुमची अपेक्षा काय? आणि उत्तर लेखी मागा. संकोच कसला त्यात?