तलाव वाचला, गायरान चालले

इंदूर पाणी राखायला शिकले आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०२२ मध्ये सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही दोन्ही ठिकाणे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेली. जानेवारी २०२५ मध्ये रामसर करारानुसार 'पाणथळ शहर' म्हणून ज्या पहिल्या दोन भारतीय शहरांना मान्यता मिळाली, त्यांत उदयपूरच्या बरोबरीने इंदूर होते. होळकरांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला सिरपूर तलाव अतिक्रमण, सांडपाणी आणि शिकारीपायी मरणपंथाला लागला होता. तो सावरला त्यामागे भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे धरलेली चिकाटी आहे. शहराच्या मल्हारगंज भागातल्या मराठी घरांनी या कामाचा अभिमान जरूर बाळगावा.

पण या शहराचे आणि या जिल्ह्याचे राखणे पाण्याच्या काठाशी येऊन थांबते. काठापलीकडचा कोरडा माळ, गावांचे गायरान (महसुली कागदांतली 'चरनोई'), पेरणीविना पडून राहिलेली शेते यांना कोणी वाली नाही. कागदोपत्री ती 'पडीक' आहेत, म्हणजे कुणीही यावे आणि काहीही उभारावे अशी. हजारो किलोमीटर उडून येणाऱ्या पाखरांच्या दृष्टीने मात्र हीच जमीन हिवाळ्याचे अन्न आहे. ती ज्या वेगाने चालली आहे, तो पाहता धोक्याची सूचना आजच द्यावी लागते.

एका पक्ष्याची हकीकत सांगतो. आपल्याकडे टिटवी सर्वांच्या ओळखीची. रात्री ती ओरडली की जुनी माणसे अशुभ म्हणत, आणि तिने अंडी उंचवट्यावर घातली की सखल जागी, यावरून माळव्यातला शेतकरी पावसाचा अंदाज बांधी. तिची एक परदेशी बहीण आहे : सोशिएबल लॅपविंग, शास्त्रीय नाव व्हॅनेलस ग्रेगॅरियस. आपण तिला कळपाची टिटवी म्हणू. साधारण पारव्याएवढी, करड्या-तपकिरी रंगाची. डोक्यावर काळी टोपी आणि दोन्ही भुवयांवरून निघून मानेमागे एकत्र येणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या. आपल्या टिटवीसारख्या डोळ्यांजवळच्या लाल मांसल गाठी तिला नाहीत. विणीच्या दिवसांत पोट काळे-तांबूस होते, हिवाळ्यात सारे रंग फिके पडतात. त्यामुळे ढेकळांच्या रानात ती उभी असली तरी नजरेला लवकर सापडत नाही.

तिची वीण कझाकस्तानच्या आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण रशियाच्या स्टेप प्रदेशात होते. उत्तर कझाकस्तान ते इंदूर हे अंतर सरळ रेषेत धरले तरी तीन हजार किलोमीटर भरते. 'आययूसीएन'च्या लाल यादीत ती २००४ पासून 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडच्या पायरीवर. एके काळी स्टेपवरून तिचे हजारोंचे थवे जात. पुढे तिच्या प्रौढ पक्ष्यांची जगभरातली संख्या अकरा हजारांच्या आसपास असावी, असा अंदाज बांधला गेला.

पक्षिशास्त्र तिला चिखलात चरणाऱ्या पाखरांच्या गणात घालते, पण चिखलाशी तिचे नाते बेताचेच आहे. ती पोट भरते ते कोरड्या, आखूड गवताच्या जमिनीवर. चार पावले धावायचे, थबकायचे, मान तिरकी करून जमीन न्याहाळायची आणि झटकन चोच मारायची. भुंगेरे, नाकतोडे, टोळ, रातकिडे, अळ्या हे तिचे मुख्य अन्न. जोडीला थोडे दाणे आणि पाने. डोळ्यांनी भक्ष्य शोधणाऱ्या या पक्ष्याला उंच गवत चालत नाही आणि दाट पीकही चालत नाही. तिला जमीन उघडी दिसावी लागते.

कझाकस्तानातल्या कोरगालझिन परिसरात तिथल्या आणि ब्रिटिश अभ्यासकांनी २००५ पासून केलेल्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट आपण नीट समजून घेण्यासारखी आहे. ही टिटवी घरटी करते ती गावांच्या जवळ, जिथे गुरे आणि मेंढ्या चरून गवत बोटभर ठेवतात तिथे. निर्जन, अस्पर्श स्टेप तिने निवडलेली नाही. १९५४ पासून सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या पडीक जमीन लागवडीखाली आणण्याच्या मोहिमेत स्टेपचा फार मोठा भाग नांगराखाली गेला. पुढे १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, सामूहिक शेतीचे कळप पांगले, गुरांची संख्या एकदम घटली आणि कुरणांवर गवत माजले. टिटवी उरली ती जिथे गुराखी उरला तिथे. गुरांच्या खुरांखाली तिची काही अंडी चिरडतात हेही खरे, पण गुरे गेली तर घरटे करायला जागाच राहत नाही.

घरट्यांतून पिले बऱ्यापैकी तगत होती. तरीही संख्या घटत होती. कारण वाटेवर होते. काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवल्यावर त्यांच्या दोन वाटा स्पष्ट झाल्या. एक कॉकेशस, तुर्कस्तान, सीरिया, इराक असे करीत सौदी अरेबिया आणि सुदानकडे जाते. दुसरी मध्य आशियातून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे वायव्य भारतात उतरते. ऑक्टोबर २००७ मध्ये अशाच एका यंत्रधारी पक्ष्याचा माग काढत गेलेल्या पथकाला तुर्कस्तानच्या सीमेवर जेलानपिनार येथे ३,२०० टिटव्या एकत्र सापडल्या, आणि जग थक्क झाले. याच पश्चिम वाटेवर सीरिया आणि इराकमध्ये बंदुकीने आणि पाळीव ससाण्यांनी त्यांची शिकार होते. आपल्याकडे येणाऱ्या वाटेवर उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तान सीमेवर तालीमरजान जलाशय आहे. २०१५ मध्ये तिथे हजारो टिटव्या मोजल्या गेल्या. त्या चरतात आसपासच्या कोरड्या रानात आणि पाण्यावर येतात तहान भागवायला. म्हणजे जलाशय आणि माळ मिळून त्यांचा एक मुक्काम होतो. यातले एक काढून घेतले की दुसऱ्याचा त्यांना उपयोग नाही. सिरपूरच्या पाट्या आणि यशवंत सागरचे आराखडे लिहिणाऱ्यांनी हे डोळ्यांपुढे ठेवावे.

भारतात या टिटवीचे आजचे मुख्य मुक्काम म्हणजे कच्छचे छोटे रण, वेळावदर, राजस्थानातले ताल छापर आणि तिकडची पडीक शेते. तिच्या जुन्या हिवाळी प्रदेशात दख्खनही होते. माळव्यात ती आज नेमाने उतरते, असा दावा आम्ही करणार नाही. पण जी जमीन तिला लागते त्याच जमिनीवर जगणारी इतर पाखरे इथलीच आहेत : माळटिटवी, धाविक, चंडोल आणि मध्य आशियातून येऊन टोळांवर गुजराण करणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी. तणमोराच्या तर अखेरच्या मोजक्या ठिकाणांपैकी काही माळव्यात आहेत. कळपाच्या टिटवीवर आलेली वेळ या सगळ्यांवर येऊ घातली आहे.

माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात बव्हंशी पडून असे. ओल मुरवायची आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढायचा, अशी रीत होती. १९७० नंतर सोयाबीन आले आणि पावसाळी पड संपली. सोयाबीन संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही इंदुरातच आहे. मग कूपनलिका आल्या आणि हिवाळ्यातली पड संपली. आज ऑक्टोबरात सोयाबीन निघते आणि लगेच गव्हाला पाणी लागते. पाखरे येण्याच्या वेळी रान हिरवे आणि दाट होते. सोयाबीनच्या बियाण्याला थायमेथोक्झामसारखी कीटकनाशके चोळतात, उभ्या पिकावर अळीसाठी फवारे बसतात. टिटवी जे खाते तेच आपण मारतो. दोन पिके घेतल्याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचे घर त्यावर चालते. परंतु शेतातली पड संपल्यावर पाखरांना उरले ते गायरान, म्हणून गायरानाचे मोल आता पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहे.

आणि नेमके तेच सर्वात स्वस्त धरले जाते. मध्य प्रदेशात गावाच्या शेतजमिनीच्या प्रमाणात चरनोई राखण्याचा नियम आहे. त्याची किमान मर्यादा पूर्वी पाच टक्के होती, ती दोन टक्क्यांवर आणली गेली. सुपर कॉरिडॉर, पीथमपूरकडे जाणारा आर्थिक कॉरिडॉर, पश्चिमेचा बाह्य रिंगरोड अशा प्रत्येक आराखड्यात मोकळी जमीन म्हणजे रिकामी जमीन असे धरून रेघा ओढल्या जातात. आगर, शाजापूर, नीमच येथे १,५०० मेगावॉटची सौर उद्याने उभी राहिली. सौरवीज हवीच. पण ती कुठल्या माळावर बसवायची, हे ठरवताना त्या माळावर कोण राहते हे आधी पाहावे लागते. गवताळ व खुरट्या झुडपांच्या मोकळ्या प्रदेशांचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला नकाशा सांगतो की हे प्रदेश देशाच्या भूभागाच्या सुमारे दहा टक्के भरतात. त्यांतला जेमतेम विसावा हिस्सा संरक्षित आहे आणि बहुतेक भाग सरकारी दफ्तरात 'वेस्टलँड' म्हणून नोंदलेला आहे.

झाडांविषयीही बोलणे भाग आहे, जरी ते काहींना रुचणार नाही. १४ जुलै २०२४ रोजी इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावली गेली आणि जागतिक विक्रम झाला. लोकांची भावना निर्मळ होती. पण त्या टेकड्यांवर आधी कोणते गवत होते, त्यात कोण अंडी घालत होते, हा प्रश्न त्या जल्लोषात आम्हाला कुठे ऐकू आला नाही. उघड्या माळावर झाडी उभी केली की माळावरचा पक्षी उठतो. झाडांवर ससाणे-घारी बसतात आणि जमिनीवरच्या घरट्यांचा निकाल लागतो. रस्त्याच्या कडेला, वस्तीत, तोडलेल्या जंगलाच्या जागी झाडे अवश्य लावावीत. गायरानावर लावू नयेत.

मग गायरानाला कुंपण घालून अभयारण्य करायचे काय? तो मार्ग माळव्याने आणि महाराष्ट्रानेही चालून पाहिला आहे. सालिम अली यांच्या शिफारशीनंतर १९८३ मध्ये सैलाना आणि सरदारपूर ही तणमोराची अभयारण्ये झाली. सरदारपूरला कित्येक गावांच्या खासगी जमिनीच अभयारण्यात अडकल्या, खरेदी-विक्री थांबली आणि एका निरुपद्रवी पाखराविषयी लोकांच्या मनात वर्षानुवर्षे कडवटपणा साचत गेला. शिवपुरीजवळचे करेरा अभयारण्य माळढोकासाठी झाले होते. १९९०च्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला आणि पुढे अभयारण्यच रद्द झाले. सोलापूरच्या नान्नज अभयारण्यात १९७९ मध्ये साडेआठ हजार चौरस किलोमीटर लोकवस्तीचा मुलूख घातला गेला, नंतर तो छाटून हजार-बाराशेवर आणावा लागला. तणमोराच्या २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत नरांचा अंदाज २६४ इतकाच निघाला. कागदावर मोठी रेघ ओढून माणसाला बाहेर ठेवले की पाखरू वाचते, हा समज या साऱ्या अनुभवाने खोटा ठरवला आहे. उलट सैलानाच्या शेतकऱ्यांना तणमोर दाखवून दिल्याबद्दल बक्षीस मिळू लागले तेव्हा ते स्वतः राखणदार झाले. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत गवताळ माळ पाहायला लोक पैसे मोजून येतात आणि त्यातून गावातल्या तरुणांना काम मिळते.

कळपाच्या टिटवीने कझाकस्तानात जे दाखवले तेच इथे लागू आहे. गुराखी आणि पाखरू यांना एकच जमीन, एकाच स्थितीत हवी आहे : मोकळी, चरलेली, विषाविना. गायरान गायरान म्हणून टिकले तर दोघेही टिकतील.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांत प्रत्येक पाणथळाचे 'प्रभावक्षेत्र' ठरवण्याची तरतूद आहे. सिरपूर आणि यशवंत सागरच्या प्रभावक्षेत्रात भोवतालची चरनोई आणि कोरडे माळ नावानिशी, खसरा क्रमांकानिशी घ्या आणि तिथे चराई चालू ठेवून बांधकाम, वृक्षारोपण, राडारोडा बंद करा. शहराचा कचरा आणि त्यामागून जाणारे मोकाट कुत्र्यांचे कळप माळापासून दूर ठेवा, कारण जमिनीवरच्या अंड्यांचे कुत्र्यांइतके नुकसान आज क्वचितच कोणी करीत असेल. वन विभागाने आणि पक्षिमित्रांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाण्यावरच्या बदकांबरोबर कोरड्या रानातल्या पाखरांचीही गणना करावी. आपल्याकडच्या बहुतेक दुर्बिणी पाण्याकडे वळलेल्या असतात. पाठीमागच्या माळावर काय उतरले, हे पाहायला कोणी वळत नाही.

पाणथळ शहराचा दर्जा सहा वर्षांचा असतो. २०३१ मध्ये इंदूरला तो पुन्हा मागावा लागेल. तोवर रिंगरोड पुरा झालेला असेल आणि जी चरनोई आज वाचवता येते तिच्यावर भूखंडांच्या खुणा पडलेल्या असतील. मल्हारगंजात राहणाऱ्या कित्येक कुटुंबांची शेती आणि नाती हातोद, देपालपूर, सांवेरच्या गावांत आहेत. त्यांना आमची विनंती आहे : आपल्या गावाच्या चरनोईचा खसरा काढून पाहा, ती जमीन किती होती आणि किती उरली हे ग्रामसभेत विचारा, आणि ती दुसऱ्या कामासाठी वळवण्याचा प्रस्ताव आला तर लेखी हरकत नोंदवा.