सांडपाण्याच्या मापाने परवाने

हवा, पाणी व जमीन यांच्या दूषिततेचे एकत्रित मापन करणाऱ्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांसह देशात पहिले आले. हा क्रमांक मिरवण्याजोगा नव्हे. रसायन, औषध व कापड कारखान्यांचे सांडपाणी एकत्रितपणे शुद्ध करणाऱ्या येथील सामूहिक प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला 2.5 कोटी लिटर असताना त्याहून अधिक पाणी येत राहिले, आणि अर्धवट शुद्ध झालेले पाणी नवापूरच्या समुद्रात व लगतच्या खाड्यांत गेल्याने त्याची झळ मच्छीमारांना बसली. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने 2022 मध्ये शंभराहून अधिक कारखान्यांवर भरपाई बसवली. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व रास्तच. मात्र ते नुकसान झाल्यावर लागू होते, आणि नासलेली खाडी पैशाने लगेच सुधारत नाही. म्हणून उत्पादनवाढीची संमती प्रक्रिया केंद्राच्या शिल्लक क्षमतेशी कायद्याने बांधली पाहिजे, आणि तारापूरच्याच जिल्ह्यात 76,200 कोटी रुपयांचे वाढवण बंदर उभे राहत असताना त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या उद्योगांना ही अट पहिल्या परवान्यापासूनच लावली पाहिजे.