वकिलाच्या नफ्याचा सातवा हिस्सा

वाणिज्य शाखेत आपण दुकानदाराचे, कारखानदाराचे हिशेब शिकतो. वकिलालाही नफा होतो आणि त्याचे काय करावे हा प्रश्न त्यालाही पडतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. माझे आजोळ बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडी. मामा तेथून बुऱ्हाणपूरच्या न्यायालयात जातात. सुट्टीत त्यांची वही पाहिली. एकाच पानावर पक्षकाराची फी, कोर्ट फीचे स्टँप आणि दुधाचे बिल! वर्षअखेर शिल्लक शून्य.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहितेसह तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा याचा फटका बसला. नवी पुस्तके घेण्यास पैसे नव्हते. मामांनी ती मित्राकडून मागून वाचली. मामी म्हणाली, "पुस्तकांनी का पोट भरतं?" मामा गप्प बसले. माझे मत असे की, वकिलाचे पोट पुस्तकांनीच भरते.

दुकानदार नफ्यातून जाहिरात करतो. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला तशी मुभा नाही. त्याचे नाव कामानेच होते. म्हणून त्याने पैसा ग्रंथ, चांगला कारकून आणि अभ्यास यांतच घालावा. डॉ. आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. मिळकत अपुरी म्हणून ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत; पण ग्रंथखरेदी त्यांनी सोडली नाही.

मग किती गुंतवावे? पक्षकाराने खर्चासाठी दिलेली रक्कम प्रथम वेगळी काढावी. तो नफाच नव्हे. समजा, खर्च व कर वजा जाता वर्षाला ४,२०,००० रुपये उरले. दरमहा २५,००० प्रमाणे ३,००,००० घरी द्यावे. हा वकिलाने स्वतःला दिलेला पगार. उरलेल्या १,२०,००० पैकी निम्मे राखून ठेवावे, कारण खटले लांबतात आणि फी अडकते. बाकीचे ६०,००० व्यवसायात घालावे. हा झाला नफ्याचा सातवा हिस्सा. कमाई घटली तर हिस्साही घटवावा, पण शून्य करू नये.

येथे बेळगावात माझे कानडी मित्र म्हणतात, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. दोन्ही म्हणी खऱ्या. परंतु मित्रहो, अंथरूण उसवू लागले तर ते वेळीच शिवायलाही नको काय?