भाव आणि उठाव

दिवाळीच्या सुमारास आमगावच्या बाजारात नवे धान येऊ लागते, तेव्हा मुरलेला व्यापारी केवळ भाव ऐकून सौदा करीत नाही. माल किती आला आणि त्यातला किती उचलला गेला, हे तो आधी विचारतो. पाच-दहा कट्ट्यांवर चढलेला भाव तो बाजारभाव मानत नाही. आवक भरपूर असूनही राईस मिलवाले चढ्या भावाने माल उचलत असतील, तरच मागणी खरी. हाच व्यापारी शेअर घेताना मात्र मोबाइलवरील हिरवा आकडा तेवढा पाहतो, याचे नवल वाटते.

दिवसभरात किती शेअरची खरेदी-विक्री झाली, तो आकडा म्हणजे व्हॉल्यूम. समजा, एखाद्या कंपनीच्या रोज सरासरी 50 हजार शेअरचे व्यवहार होतात. एके दिवशी अवघ्या 12 हजार शेअरवर भाव 5 टक्के चढला, तर विकणारे थांबून राहिले, एवढेच समजावे. 2 लाख शेअरचे व्यवहार होऊनही भाव तितकाच वर टिकला, तर विक्रीस आलेला सारा माल पचविणारे खरेदीदार पुढे आले, असा त्याचा अर्थ. जोसेफ ग्रॅनव्हिल या अमेरिकी विश्लेषकाने 1963 च्या आपल्या पुस्तकात याचे सोपे गणित मांडले : भाव चढलेल्या दिवसाचा व्हॉल्यूम मिळवायचा, उतरलेल्या दिवसाचा वजा करायचा. भाव चढत असता ही बेरीज चढत नसेल, तर तेजीविषयी शंका घ्यावी.

पण मोठा व्हॉल्यूमही फसवू शकतो. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत सेबीने मार्च 2023 मध्ये अंतरिम आदेश काढला. जुलै 2022 मध्ये यूट्यूबवर या कंपनीविषयी खोट्या बातम्या पसरविल्या गेल्या, भाव आणि व्हॉल्यूम दोन्ही उसळले, आणि त्या गर्दीत प्रवर्तकांसह मोठ्या भागधारकांनी आपले शेअर विकले, असे त्यात नमूद आहे. लहान भागधारकांची संख्या 2,167 वरून 55,343 वर गेली. उठाव खरा होता; उचलणारे नवखे होते आणि विकणारे घरचे.

म्हणून व्हॉल्यूमसोबत डिलिव्हरीचे प्रमाणही पाहावे. त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकलेले शेअर डिलिव्हरीत येत नाहीत. बाजार बंद झाल्यावर एनएसई आणि बीएसई हे आकडे प्रसिद्ध करतात. अर्थात, टोळीने आपल्याच खात्यांतून शेअर फिरविले, तर हा आकडाही फुगतो; एका दिवसाच्या उसळीपेक्षा काही आठवड्यांची चाल अधिक विश्वसनीय. असे फिरविणे हा केवळ कायद्याचा भंग नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे आणि नकली मालाचा व्यवहार हे दोन्ही आहेत. फुगविलेला व्हॉल्यूम हे खोटे मापच.

धानखरेदीचे भांडवल पावसाळ्यात शेअरमध्ये गुंतविणाऱ्या घरांना हा हिशेब अधिकच लागू पडतो. कमी व्हॉल्यूमच्या शेअरला लोअर सर्किट लागले, की विकायला रांग असते आणि घेणारा कुणी नसतो. कागदावरील भाव मात्र कायम दिसतो. हंगामाच्या तोंडी शेतकऱ्याला द्यावयाची रक्कम त्या भावातून उभी राहत नाही. शेअर घेण्यापूर्वी त्याचा रोजचा सरासरी व्हॉल्यूम पाहावा आणि गरज पडल्यास आपले सारे शेअर किती दिवसांत विकले जातील, हे मोजून ठेवावे.